आहेरवाडीच्या राखेतले ‘कोट्यवधी’

सोलापूरजवळच्या आहेरवाडीच्या औष्णिक वीज केंद्राची राख हा दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) धातूंचा खजिना आहे, ती आम्लात भिजवली की धातू सुटतात, चीन हेच करून पुढे गेला आणि सोलापूरकर मात्र ती विटांत घालवतात, असा संदेश सध्या फिरतो आहे.

राखेत हे धातू असतात, हे खरे. जगभरच्या कोळशाच्या राखेची सरासरी धरली, तर टनामागे सुमारे ४०० ग्रॅम. मात्र त्यात मोठा वाटा सिरियम, लँथेनम अशा स्वस्त धातूंचा (सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आहे, तेव्हा ‘दुर्मिळ’ या नावावर जाऊ नये). चुंबकासाठी हवे असलेले निओडिमियम साधारण ६० ग्रॅम धरू. त्यातले एक तृतीयांश हाती लागले, तर एक किलो चुंबकाला लागणाऱ्या सुमारे ३०० ग्रॅमसाठी १५ टन राख उपसावी लागेल.

‘आम्लात भिजवली की सुटतात’ हे विधान सर्वांत कच्चे आहे. आपल्या कोळशाच्या राखेत सिलिका (वाळूतला मुख्य घटक) आणि अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचे ऑक्साइड) भरपूर. भट्टीत ती वितळून तिचे काचेसारखे सूक्ष्म मणी होतात आणि बरेचसे धातू त्या काचेत अडकतात. आम्ल आपण काचेच्याच बाटलीत ठेवतो, हे विसरू नये. ही काच फोडायला राख कॉस्टिक सोड्याबरोबर तापवावी लागते. मग आम्लात धातू उतरतात खरे, पण त्यांच्या शेकडो पट अॅल्युमिनियमही उतरते. ते बाजूला काढल्यावर उरलेले धातू रासायनिक गुणांनी इतके सारखे असतात की, केरोसीनमध्ये विरघळवलेले विशिष्ट द्रावक आणि धातूंचे आम्लद्रावण टप्प्याटप्प्याने, कधी शेकडो वेळा, एकत्र घुसळून वेगळे करावे लागते, तेव्हा कुठे एकेक धातू शुद्ध मिळतो.

चीनचे उत्पादन राखेवर उभे नाही. ते मुख्यतः इनर मंगोलियातील बायान ओबोच्या खाणीतून आणि दक्षिणेकडील चिकणमातीतून येते. त्या मातीत धातू कणांच्या पृष्ठभागाला नुसते चिकटलेले असल्याने अमोनियम सल्फेटच्या पाण्याने सुटतात. संदेशातले ‘भिजवणे’ बहुधा तिथूनच आले असावे.

राहिल्या विटा. टनातून ४०० ग्रॅम पूर्ण काढले, तरी जवळजवळ सगळी राख उरतेच, आणि तीही आम्ल-अल्कलीने माखलेली. धुतल्याशिवाय ती विटांना चालणार नाही, आणि जिथे नळाला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी येत आले, त्या शहराच्या वेशीवर ते धुण्याचे पाणी कुठून आणायचे, हे संदेशात लिहिलेले नाही.