निखळलेलं कोपर ‘बसवलं’ की झालं?

कोपर निखळलं तर काय करावं, याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. जाणकाराकडून ओढून बसवून घ्या, गरम तेलाने चोळा, दीड महिना हात बांधून ठेवा, हाडाचा तुकडा उडाला असेल तर काढून टाकला की भागतं, ऑपरेशन म्हणजे पैशांचा खेळ. हे ऐकून मोठ्या माणसाचा हात कायमचा अधू होऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ओढून बसवा? सूज चढली की नुसता सांधा निखळलाय की हाडही मोडलंय, हे हाताने चाचपून कळत नाही, एक्स-रे लागतोच. आणि ओढण्याआधी मनगटाची नाडी लागते का, करंगळी बधिर आहे का, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल कडं करता येतं का, हे पाहावं लागतं. हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा इथूनच जातात. बसवल्यावर हे सगळं पुन्हा तपासायचं.

तुकडा काढून टाका, हा सगळ्यांत घातक सल्ला. कधी कधी कोपर मागे निखळतं, त्याबरोबर रेडियस या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं डोकं, म्हणजे कोपराकडचं टोक, फुटतं आणि अल्ना या करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या पुढच्या चोचीचा, म्हणजे कोरोनॉइडचा, तुकडा पडतो. या तिहेरी दुखापतीला सर्जन ‘टेरिबल ट्रायड’ म्हणतात. बाहेरच्या बाजूचं लिगामेंटही, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टाही, बहुधा दंडाच्या हाडावरून उपटलेलं असतं. कोरोनॉइड हात मागे सरकू देत नाही. तो आणि लिगामेंट दोन्ही गेल्यावर रेडियसच्या डोक्याचाच काय तो आधार उरतो. तेच काढलं तर कोपर प्लास्टरच्या आतसुद्धा पुन्हा निखळतं. म्हणून कोरोनॉइड जागेवर बसवतात, डोकं स्क्रूने जोडतात, त्याचा चुराच झाला असेल तर धातूचं घालतात आणि लिगामेंट पुन्हा हाडाला शिवतात. मग ऑपरेशनच्या टेबलावरच हात वाकवून, सरळ करून सांधा टिकतो का, ते बघतात.

दीड महिना बांधून ठेवणं? कोपर फार लवकर आखडतं. हाड न मोडता निखळलं असेल तर एक-दोन आठवड्यांतच हालचाल सुरू करतात. तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की आखडण्याचा धोका वाढतो. जेवण, आंघोळ, केस विंचरणं या रोजच्या कामांना कोपर साधारण ३० ते १३० अंश वाकावं लागतं. तेलाने चोळणं तर नकोच. जखमी स्नायू रगडल्याने त्यात हाड तयार होण्याचा धोका असतो.

राहिला पैसा. खर्च जड असतो, हे मान्यच. पण हाड न मोडता निखळलेल्या कोपराला बहुतेकदा ऑपरेशन लागतच नाही. हाड मोडलेल्यांतही तुकडे बारीक असले, सांधा नीट बसून टिकत असला, तर काही जणांचं ऑपरेशनविना भागतं. मात्र ते सीटी स्कॅन बघून ठरवायचं आणि नंतर वरचेवर एक्स-रे काढून सांधा सरकला नाही ना, हे पाहायचं. उलट निखळलेलं कोपर चोळण्या-बांधण्यात महिनाभर तसंच राहिलं, तर ते ओढून बसणं कठीण होतं. मग बहुधा उघडूनच बसवावं लागतं आणि ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं.