अभ्यासक्रम बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

पदवीचा अभ्यासक्रम बदलायला बैठक बसली की चर्चा ठरलेली. हे युनिट काढा, ते घाला, संदर्भग्रंथांची यादी ताजी करा. प्रत्येकाचा जीव आपापल्या युनिटात अडकलेला, त्यामुळे निघतं थोडं आणि शिरतं जास्त. पण त्या तासात विद्यार्थी करणार काय, हा विषय निघतच नाही. माझ्या मते खरं काम तिथंच आहे, बाकी डागडुजी.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांचं उदाहरण बघा. शिकवण्यावर मुलं खूश, किचकट गणितंही सोडवायची. मग त्यांनी साध्या संकल्पनांवर चाचणी घेतली. जड ट्रक हलक्या गाडीवर आदळला तर कुणावर जास्त बल लागतं, अशा धाटणीची. (दोघांवर सारखंच. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतला!) वर्गातून विचारणा झाली: उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहायचं, की आम्हाला एरवी वाटतं तसं?

१९९१पासून त्यांनी तासच बदलला. वाचन घरी. वर्गात एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आधी एकट्यानं उत्तर नोंदवायचं. उत्तरं विखुरलेली निघाली की शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा उत्तर द्यायचं. स्पष्टीकरण त्यानंतर. नुकतंच कोडं सुटलेल्या मुलाला मित्र कुठं अडकलाय ते चटकन दिसतं. आम्हा मास्तरांना ती अडचण आठवतसुद्धा नाही.

हा एकट्या माझूर यांचा किस्सा नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास २०१४मध्ये एकत्र तपासले गेले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२.

मग घोडं अडतं कुठं? २०१९मध्ये हार्वर्डमध्येच एक प्रयोग झाला. स्वतः डोकं चालवावं लागलेल्या मुलांचे गुण जास्त आले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं ना! म्हणजे फीडबॅक फॉर्मवर शिक्षकाची गुणपत्रिका ठरत असेल, तर तास बदलणाऱ्यालाच फटका. निदान पहिल्या सत्रात तरी ते फॉर्म बाजूला ठेवा. आणि हे असं वाटणार आहे, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगून टाका.

'अशानं पोर्शन होणार नाही' हा आक्षेप खरा आहे. नाही होणार. मग कापा की! तसाही तो फळ्यावरच पूर्ण होतो.

आणि पेपर? 'तिसरा नियम लिहून स्पष्ट करा' एवढंच विचारणार असाल तर मुलं तेवढंच पाठ करतील, त्यात त्यांची काय चूक? म्हणून पुढच्या बैठकीला युनिटांची यादी नको. प्रत्येकानं आपल्या विषयाचा शेवटचा पेपर लिहून आणा, पाठांतरावर एकही प्रश्न सुटणार नाही असा. काय कापायचं ते मग ठरवू.