दाराबाहेर उभी असलेली एली डोक्यातून जातच नाहीये

काल रात्री ‘लेट द राइट वन इन’ परत बघितला. २००८ चा स्वीडिश पिक्चर, टोमास आल्फ्रेडसनचा. तिसऱ्यांदा बघत होतो, पुढे काय होणार सगळं पाठ, तरी हात गार पडले. (बघितला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडणार आहे.)

स्टॉकहोमजवळचं ब्लॅकेबर्ग, १९८२ च्या आसपासचा काळ, सगळीकडे बर्फ. बारा वर्षांचा ऑस्कर, शाळेतली पोरं त्याला रोज छळतात, आणि शेजारी राहायला आलेली एली. तीपण बाराचीच, फक्त ती खूप वर्षं बाराचीच आहे, कारण ती व्हॅम्पायर आहे, माणसांचं रक्त पिऊन जगणारी.

व्हॅम्पायर म्हटलं की आपल्याला धाडकन अंगावर येणारे सीन आठवतात. इथे उलटं आहे, कॅमेरा शांत उभा असतो आणि आपण वाट बघत बसतो. सुरुवातीचाच सीन घ्या ना, झाडाला उलटा टांगलेला मुलगा, खाली रक्त गोळा करायची तयारी, आणि कुठून तरी एक पांढरा पूडल येतो आणि समोर बसून नुसता बघत राहतो. मुलाला टांगणारा माणूस हाकलतोय आणि कुत्रा हलतच नाही, मागून मालकिणींचे आवाज जवळ येतायत... खून करणाऱ्याच्या जागी आपलीच छाती धडधडायला लागते. असा सस्पेन्स मी फार कमी वेळा अनुभवलाय.

पण माझ्यासाठी पिक्चर म्हणजे तो दारातला सीन. व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही हा नियम सगळ्यांना माहितीये, पण न बोलावता आला तर काय होतं हे कोण दाखवतं? ऑस्कर मुद्दाम तिला ये म्हणत नाही. ती तरीही आत येते, काही न बोलता उभी राहते, आणि हळूहळू तिच्या अंगातून, डोळ्यांतून रक्त यायला लागतं. एवढीशी पोर थरथरतीये आणि तो ओरडतो, ये ये, तू येऊ शकतेस. मला तिथे भीती वाटली की रडू आलं हे मला अजून कळलेलं नाही.

छळणारी पोरं ऑस्करला पाण्यात बुडवून धरतात आणि एली येते, त्या स्विमिंग पूलच्या सीनबद्दल सगळेच बोलतात, बरोबरच आहे, पाण्याखाली दबलेला आवाज, ऑस्करचा चेहरा, आणि मागे वर काय चाललंय ते फरफटत जाणाऱ्या पायांवरून कळतं. मांजरं एका बाईवर तुटून पडतात तो सीन मात्र मला खटकतो, ग्राफिक्स चक्क खोटे दिसतात.

आणि शेवट. ट्रेनमधे ऑस्कर, बाजूला पेटी, पेटीत एली, दोघं टकटक करून मोर्स कोडमधे बोलतायत. लोक याला गोड शेवट म्हणतात, मला नाही पटत. एलीसाठी माणसं मारणारा तो सुरुवातीच्या सीनमधला म्हातारा आठवा. तो तिच्यासोबत कधीपासून होता, पिक्चर सांगत नाही, पण ऑस्करचं हसू बघताना मला सारखा तोच दिसत होता.