ब्रॉक आणि फ्रीझ यांचाही उल्लेख हवा होता

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती फेरीगणिक दुप्पट करत नेण्याचं तंत्र, यावरचा तुमचा लेख आवडला. त्यात हे तंत्र शोधणाऱ्या कॅरी मुलिस यांचं १९९३ चं नोबेल आलं, पण सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ राहूनच गेले. डीएनएचे दोन धागे सुटे करायला प्रत्येक फेरीत ९५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. सुरुवातीला वापरलेलं ई. कोलाय या जिवाणूचं पॉलिमरेज (डीएनएची प्रत बनवणारं विकर) त्या उष्णतेत निकामी व्हायचं, दर फेरीला नवं घालावं लागे. या दोघांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून शोधलेल्या थर्मस अॅक्वाटिकस या जिवाणूचं (१९६९) टॅक पॉलिमरेज मात्र टिकतं. म्हणूनच ३० फेऱ्या सलग चालतात आणि एका रेणूच्या, निदान कागदावर, शंभर कोटींहून जास्त प्रती होतात! झऱ्यातले जिवाणू शोधताना ब्रॉक यांच्या डोक्यात पीसीआर असणं शक्यच नव्हतं. निव्वळ कुतूहलाच्या संशोधनाला पैसा नाकारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.