पन्नास पळायचंय म्हणून आधी पन्नास पळू नका

पावसाळा सरत आला की कोल्हापुरात रंकाळ्यावर पळणाऱ्यांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरायला लागतो : 'पहिली अल्ट्रा? हे सहा नियम पाळा.' मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपुढचं काहीही म्हणजे अल्ट्रा, आणि बहुतेक जण ५० किलोमीटरने सुरुवात करतात. सहापैकी पाच नियम नवख्याला गोत्यात आणणारे आहेत.

'स्पर्धेआधी एकदा पूर्ण ५० पळून बघा, भीती जाते.' भीती जाईल, पण पायही जातील. त्यातून सावरण्यात पुढचे काही आठवडे सराव बुडतो. एका दमात ३०-३५ किलोमीटर झाले तरी पुरे. त्यापेक्षा शनिवारी २५-३० पळा आणि रविवारी पहाटे, मांड्या जड असतानाच, आणखी १५-२० काढा. थकल्या पायांनी पळायची सवय हवी असते, ती अशी लागते.

'चढाला चाललात तर अल्ट्रा कसली?' हे लिहिणाऱ्याने शिवाजी पुलावरून केर्ली, वाघबीळ करत एकदा पन्हाळा गाठावा. घाटात हट्टाने पळणाऱ्याला धाप लागते आणि झपझप चालणारा त्याच्या फारसा मागे नसतो. हिशेबच करायचा तर दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स घ्या. १९२१ पासूनची शर्यत, अंतर सुमारे ९० किलोमीटर, मुदत १२ तास. म्हणजे किलोमीटरला सरासरी ८ मिनिटं. सपाटीला सातने पळणाऱ्याच्या हातात चढ चालून काढण्यापुरता वेळ उरतो.

उताराबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि पाय मोडतात ते तिथे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन तोलतात, त्यामुळे त्यांना जास्त इजा होते. पन्हाळ्यावरून सुसाट खाली आलेला गडी दुसऱ्या दिवशी घरचा जिना कठडा धरून, उलटा उतरताना बघा. उतारही आधीपासून थोडा थोडा सरावात घ्यावा लागतो.

'तहान लागायच्या आधीच जमेल तितकं पाणी प्या.' सगळ्यांत घातक नियम हाच. आमटीत पाणी वाढवत गेलं की ती अळणी होते, तसं रक्तातलं सोडियम उतरतं. मग मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, बरळणं; मेंदूला सूज येऊन धावपटू दगावलेही आहेत. त्यात फसगत अशी की 'याला पाणी कमी पडलं' म्हणत सोबतचाच आणखी एक बाटली तोंडाला लावतो. मिठाची गोळी घेतली म्हणून वाट्टेल तेवढं पाणी चालत नाही. तहान लागेल तसं प्या. लांब पळण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. वाढलं असेल तर पाणी नक्की जास्त झालं.

'जेलशिवाय अल्ट्रा होत नाही.' होते की! जेल म्हणजे पळताना चोखायचा, पाकिटातला साखरेचा घट्ट पाक; त्याच्यावाचून अडत नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, ३० ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातही जवळपास तेवढेच. आणि गूळ कोल्हापुरात शोधावा लागत नाही. उकडलेला बटाटा मीठ लावून पिशवीत ठेवा. राजगिऱ्याचा लाडू चांगला, पण कोरड्या तोंडात त्याचं पीठ होतं, तेव्हा घोटभर पाण्याबरोबरच. हे सगळं सरावात खाऊन पाहिलेलं असावं. आदल्या रात्री तांबड्या रश्श्याचा मोह मात्र आवरा, एवढं ऐका भावांनो.

'सुरुवातीलाच एक पेनकिलर घ्या.' अजिबात नको. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि त्या दिवशी किडनीवर आधीच ताण असतो.

सहावा नियम, 'नवे बूट स्पर्धेला घालू नका', खरा आहे. त्यात एवढी भर घाला : तासन्‌तास पळून पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्या आणि पायाची नखं दोन दिवस आधी कापा.