‘आपला देशी डास कमजोर’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, वर लाल घंट्या, खाली ‘दहा जणांना पाठवा’. ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शास्त्रज्ञांनी म्हणे सिद्ध केलंय की एकाच जातीचे डास असले तरी ठिकठिकाणचे डास डेंग्यूसारखे व्हायरस कमीजास्त पसरवतात, म्हणून आपला देशी डास कमजोर आणि खरा धोका परदेशी डासाचा. शिवाय आपल्याकडच्या उन्हात व्हायरस डासाच्या पोटातच मरतो, पुरावा काय तर डासांमुळेच होणारा यलो फीवर (पीतज्वर) भारतात कधी आलाच नाही. आणि शेवटी, कूलर रिकामे करा, फॉगिंग करा वगैरे सगळी नाटकं आहेत, उलट लॅबवालेच बॅक्टेरिया भरलेले डास सोडून डेंग्यू वाढवतायत.

गंमत अशी की पहिला मुद्दा, ठिकठिकाणच्या डासांत फरक असतो हा, खरा आहे, आणि म्हणूनच बाकीचं सगळं लोकांच्या गळी उतरतंय.

डासाची मादी डेंग्यूच्या पेशंटचं रक्त प्यायली म्हणजे ती लगेच डेंग्यू पसरवायला लागली असं नसतं. व्हायरसला आधी तिच्या आतड्याच्या पेशींत शिरावं लागतं, तिथे वाढावं लागतं, मग आतड्यातून बाहेर पडून अंगभर पसरावं लागतं, लाळग्रंथीत पोचावं लागतं आणि तिथून लाळेत उतरावं लागतं, आणि यातल्या कुठल्याही टप्प्यावर तो अडकू शकतो. लॅबमध्ये हे मोजतात कसं तेही बघा. पातळ पडद्याआड कोमट रक्त ठेवतात, त्यात ठरावीक प्रमाणात व्हायरस मिसळलेला असतो, ते डासांना प्यायला देतात, मग एक-दोन आठवडे त्यांना ठरावीक तापमानात सांभाळतात. नंतर एकेका डासाला बेशुद्ध करून त्याचे पाय आणि पंख काढतात आणि सोंड एका बारीक नळीत घालून ठेवतात, त्यात जी लाळ येते ती तपासतात. पोटात व्हायरस सापडला तर नुसती लागण, पायांत सापडला तर अंगभर पसरला, लाळेत सापडला तर हा डास पुढच्या माणसाला देऊ शकतो. शंभरातल्या किती डासांच्या लाळेत आला, ती झाली त्या ठिकाणच्या डासांची टक्केवारी, आणि ही टक्केवारी गावोगाव वेगळी येते यात वादच नाही.

पण त्यातून ‘देशी डास कमजोर’ कुठून काढलं? डेंग्यूचा मुख्य डास एडिस इजिप्ती, तो पांढऱ्या पट्ट्यांचा काळा, तो मुळात देशी आहेच कुठे! तो आफ्रिकेतला. तिथल्या जंगलात राहणारा, कुठल्याही जनावराला चावणारा त्याचा मूळ प्रकार अजूनही आहे, आणि माणसाच्या घरात, माणसाच्या साठवलेल्या पाण्यात राहायला शिकलेला दुसरा प्रकार जहाजांमधून आधी अमेरिकेत गेला आणि नंतर आशियात आला. आपल्या कूलरमध्ये जो जन्मतो तो हा दुसरा. आता मेसेजवाल्यांना जे आवडणार नाही ते सांगते. २०२० साली ‘सायन्स’ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांचं काम आलं, त्यात याच डासातून पसरणाऱ्या झिका व्हायरसची लागण आफ्रिकेतल्या मूळ प्रकाराच्या डासांना कमी सहज झाली आणि जगभर पसरलेल्या घरगुती प्रकाराच्या डासांना जास्त. म्हणजे कमजोर कोणाला म्हणायचंच असेल तर ते आफ्रिकेच्या जंगलातल्यांना म्हणा, आपल्या घरातल्यांना नाही. ज्या शहरात डीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे, जिथे डेंग्यू-चिकनगुनियाच्या व्हायरसवर काम चालतं आणि डास पळवणारं डीपा नावाचं औषध तयार झालं, त्या शहरातले सुशिक्षित लोक हे फॉरवर्ड करतायत, काय बोलायचं.

आता टक्केवारीकडे परत येते, कारण खरी गोम तिथेच आहे. समजा ‘अ’ गावच्या शंभरातल्या साठ डासांच्या लाळेत व्हायरस आला आणि ‘ब’ गावच्या फक्त तिसांच्या. मेसेजच्या हिशोबाने ‘ब’ गाव निम्मं सुरक्षित. पण रोग पसरायला डासाला दोनदा चावावं लागतं, एकदा आजारी माणसाला आणि एकदा धडधाकट माणसाला, त्यामुळे माणसाला चावण्याचं प्रमाण दुप्पट झालं तर परिणाम चौपट होतो. आणि मधल्या काळात ती मादी जिवंत राहिली पाहिजे. लाळेत व्हायरस यायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. रोज शंभरातल्या नव्वद माद्या जगत असतील तर दहा दिवसांनी पस्तीस उरतात, रोज ऐंशी जगत असतील तर जेमतेम अकरा. जगण्यात एवढासा फरक आणि निकालात तिप्पट! मग ‘ब’ गावात घरोघरी ड्रम भरलेले असतील, दारं-खिडक्या उघड्या असतील आणि डास दसपट असतील तर त्या तीस टक्क्यांचं काय घेऊन बसलात. त्यात इजिप्तीची मादी भारी सावध, जरा हात हलवला की उडते आणि शेजारच्याला चावते, म्हणजे एकाच जेवणात घरातले दोन-तीन जण. लॅबमधली टक्केवारी म्हणजे बॅट्समनचा नेट प्रॅक्टिसमधला स्कोर समजा, मॅचमध्ये पिच, बोलर आणि ओव्हर्स सगळंच वेगळं असतं.

बरं, ही टक्केवारी एकदा काढली की कायमची असंही नाही. डास तोच आणि व्हायरसचा वाण बदलला तर आकडे बदलतात, कधी ‘अ’ गावचे डास पुढे तर कधी ‘ब’ गावचे. सगळ्यात मोठं उदाहरण चिकनगुनियाचं आहे. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकनगुनियाची साथ आली, बेटाची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. तिथे इजिप्ती फारसा नव्हताच, होता तो त्याचा चुलतभाऊ, एडिस अल्बोपिक्टस, ज्याला तोवर दुय्यम समजायचे. मग कळलं की व्हायरसच्या बाहेरच्या प्रोटीनमध्ये एकच अमिनो आम्ल (प्रोटीनच्या साखळीतला एक मणी समजा) बदललं होतं, २२६ व्या जागेवर अ‍ॅलॅनिनच्या ऐवजी व्हॅलिन, आणि तेवढ्यावर तो अल्बोपिक्टसमध्ये कितीतरी सहज वाढायला लागला. डासात काहीही बदल नाही! आपल्याकडे २००६ मध्ये सुमारे १३.९ लाख संशयित पेशंट झाले तेव्हा मुख्य डास इजिप्ती होता, पण २००७ मध्ये केरळात हा बदललेला व्हायरस दिसला, जिथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायच्या वाट्यांमध्ये साचलेल्या पाण्यात अल्बोपिक्टस मनसोक्त वाढतो. त्याच वर्षी केरळातून गेलेल्या एका प्रवाशाबरोबर व्हायरस इटलीत पोचला आणि तिथल्या अल्बोपिक्टसने दोनशेच्या आसपास लोकांना आजारी पाडलं. आणि खरा आशियाई, म्हणजे ‘देशी’ म्हणावा असा डास कोणता? हाच, अल्बोपिक्टस. आपल्याकडचा कमजोर बिचारा युरोपात जाऊन साथ आणतो, बोला आता.

उन्हाचा मुद्दा ग्वाल्हेरकरांना पटतो कारण मे महिन्यात आपण स्वतःच अर्धमेले होतो. ४५ अंशांत उघड्यावर डास मरतो हे खरंच आहे. पण हा डास उघड्यावर बसतो कुठे, तो पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांत आणि कूलरच्या गारव्यात बसतो. आणि व्हायरसचं म्हणाल तर उष्णतेने त्याचं उलटं होतं. १९८७ साली छापून आलेल्या प्रयोगात ३० अंशांवर डेंग्यूचा व्हायरस डासातून पुढे जायला १२ दिवस लागले, ३२ ते ३५ अंशांवर ७ दिवस. मघाचा जगण्याचा हिशोब आठवा, पाच दिवस वाचले म्हणजे केवढ्या जास्त माद्या ‘कामाच्या’ झाल्या. आपल्याकडे डेंग्यू पावसानंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबरात चढतो, कारण तेव्हा उष्णता असते, दमट असतं आणि पाणी जागोजागी साचलेलं असतं.

यलो फीवर भारतात आला नाही हे खरं आहे. पण आशियातल्या इजिप्ती डासांना लॅबमध्ये तो व्हायरस लागतो आणि ते तो पुढेही देऊ शकतात, म्हणून तर यलो फीवर असलेल्या देशांतून येणाऱ्याकडे लशीचं सर्टिफिकेट नसेल तर आपलं सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतं. २०१६ मध्ये अंगोलाहून परतलेल्या ११ चिनी लोकांमध्ये हा रोग सापडला होता. डास नालायक आहे म्हणून निर्धास्त राहावं अशी परिस्थिती अजिबात नाही.

लॅबवाल्यांच्या डासांचं तर चक्करच उलटं आहे. वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया कितीतरी किड्यांमध्ये आपसूक असतो, इजिप्तीत नसतो. तो फळमाशीतून काढून इजिप्तीत घातला की त्या डासात डेंग्यूचा व्हायरस नीट वाढत नाही, आणि मादीकडून तो अंड्यांत उतरतो त्यामुळे पुढच्या पिढ्या तशाच. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात असे डास सोडून पाहिले, २०२१ मध्ये निकाल आला, ज्या भागांत सोडले तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी. पुद्दुचेरीत आयसीएमआरच्या व्हीसीआरसी या डासांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनेही असे डास तयार केलेत. म्हणजे मेसेजवाला ज्या गोष्टीवर उड्या मारतोय, की डासाडासांत फरक असतो, त्याचाच उपयोग करून हे केलंय, आणि त्यालाच तो कट म्हणतोय.

राहिला कूलर. तिघरा धरणाचं पाणी कमी झालं की नळ एक दिवसाआड, मग प्रत्येक घरात ड्रम, टंक्या आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत तर हौद. मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटवते, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, काळी. कूलरचं पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात आणि सुकी पडून कितीतरी महिने टिकतात, पुढच्या मार्चमध्ये पाणी भरलं की अळ्या तयार. म्हणून नुसता रिकामा करून उपयोग नाही, आतल्या बाजू ब्रशने घासून काढायच्या आणि सुकवायच्या. हे दर आठवड्याला, कारण अंड्यातून बाहेर पडल्यापासून उडता डास व्हायला गरम दिवसांत आठवडाभर पुरतो. दिवाळीत कूलर बंद करून खाली तसंच पाणी ठेवणारी घरं मी छत्री बाजारापासून शिंदे की छावणीपर्यंत पाहिलीत.

फॉगिंगबद्दल मात्र मेसेजवाल्याशी मी निम्मी सहमत आहे. धुराने फक्त त्या क्षणी उडणारे डास मरतात, पलंगाखालचे बरेचसे वाचतात आणि अळ्यांना तर काहीच होत नाही, त्यामुळे गल्लीतून गाडी गेली म्हणून कोणी कूलर घासायचं सोडू नये.