‘इपॉक्सीवर डायरेक्ट पीयू मारा, घासू नका’ म्हणे!

सुतारकाम आणि फ्लोरिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "इपॉक्सी पूर्ण सुकली की थिनरने पुसा, डायरेक्ट पीयू मारा, दोन्ही केमिकली जोडले जातात, घासायची मजुरी वाचवा. पॉलिस्टरही चालेल." नाशिकच्या अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, टेबलटॉप बनवतो: खाली इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून ओतायची राळ, आणि तिच्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा कोट. मेसेजमधलं अर्धं खरंय आणि तेच अर्धं गोत्यात आणतं.

केमिकली जोडले जातात? पीयूच्या हार्डनरमधलं (कोट कडक करणाऱ्या डब्यातलं) आयसोसायनेट हे रसायन हायड्रॉक्सिल गटांशी रिॲक्ट होतं आणि इपॉक्सीत हायड्रॉक्सिल असतात, कबूल. पण घट्ट झालेल्या जाळ्यात ते अडकून बसलेले, आणि आयसोसायनेटला त्यांच्यामागे लागायची गरजच काय, सोबतच्या डब्यातलं पॉलिऑल, तेही हायड्रॉक्सिलवालंच, शेजारीच आहे की. खरी जोडणी होते ती इपॉक्सी अजून कच्ची असताना, डेटाशीटवर रीकोटची, म्हणजे पुढचा कोट मारायची, वेळ दिलेली असते ती त्यासाठीच. ती टळली की मग काचपेपर, ऐंशी ते एकशेवीस नंबर, दुसरा इलाज नाही.

बरं, ‘पूर्ण सुकली’ पण नसते. साध्या तापमानाला ती कडक होत गेली की रेणूंना हलता येत नाही, थोडी रिॲक्शन राहूनच जाते. पॉलिस्टरचा कोट तर विसराच, इपॉक्सीच्या हार्डनरमधलं उरलेलं अमाइन पॉलिस्टरला कडक करणाऱ्या पेरॉक्साइडची वाट लावतं आणि वरचा कोट चिकटच राहतो.

सगळ्यात घातक म्हणजे ते थिनर. निफाडची थंडी नाशकात उतरली की रात्री ओतलेल्या टेबलवर सकाळी मेणचट थर दिसतो ना, ते तेल नाही, हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी मिळून झालेला थर आहे तो, थिनरने नीट निघत नाही, नुसता पसरतो. मीपण एका जानेवारीत असाच पुसून पीयू मारला होता, आठ दिवसांत कांद्याच्या सालीसारखा सुटला, गिऱ्हाइकासमोर! हा थर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने धुवायचा, आणि आधी धुवायचं मग घासायचं, उलटं केलं तर तोच थर काचपेपरच्या ओरखड्यांत रगडला जातो. टॉप कडक वाळवा मात्र, ओल राहिली तर आयसोसायनेट पाण्याशी रिॲक्ट होऊन गॅस सोडतं आणि कोटमध्ये बुडबुडे. (पीयू स्प्रे करताना साध्या कापडी मास्कवर भागवू नका राव, आयसोसायनेटने दमा लागतो.)

पटत नसेल तर जुन्या तुकड्यावर अर्धा भाग धुऊन घासा, अर्धा मेसेजप्रमाणे करा, आठवड्याने ब्लेडने दोन्हीकडे चौकडी पाडून टेप लावा आणि ओढा.